आवाज कापतोच, मग मुलाखत कशी द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी, कृषी पदवीधर, राज्यसेवेची पहिलीच मुलाखत, हातात बारा दिवस. तीन मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती, झाल्या. तिन्ही वेळा पहिल्या दोन मिनिटांत आवाज कापला, जीभ टाळ्याला चिकटली, आणि खोलीवर घडाघडा येणारी उत्तरं खुर्चीत बसल्यावर गायब झाली. रात्री दोन-अडीचपर्यंत झोप नाही, दिवसाला सहा-सात चहा. रूममेटनं एक गोळी सुचवली आहे. आणि शेवटी विचारलंय, "बारा दिवसांत ही भीती कायमची कशी घालवू?"

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. भीती बारा दिवसांत जाणार नाही. ती घालवायच्या मागे लागलात तर हे बारा दिवस मात्र त्यातच जातील. तुम्ही तिन्ही मॉकचं सविस्तर वर्णन केलंय, पण त्यात प्रश्न कोणते विचारले हे एकदाही आलेलं नाही. आवाज, हात, घसा, समोरच्या सरांच्या कपाळावरची आठी, एवढंच आहे. म्हणजे त्या खुर्चीत बसल्यावर तुमचं लक्ष कुठे होतं ते कळतं. पॅनेलला तुम्ही फारशा घाबरत नाही. आपली भीती पॅनेलला दिसेल, याला घाबरता. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्यावर बारा दिवसांत बरंच काम होऊ शकतं.

आधी काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ही धडधड फक्त मुलाखतीपुरती आहे का? की बँकेत काउंटरवर बोलताना, लग्नात अनोळखी माणसांत जेवताना, अनोळखी नंबरचा फोन उचलतानाही वर्षानुवर्षं अशीच आहे? फक्त मुलाखतीपुरती असेल तर खाली लिहिलेलं बहुतेक पुरेल. आयुष्यभराची असेल तरीही ते उपयोगाचं आहे, पण मुलाखतीनंतर मानसोपचार तज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडे काही महिने जाणं योग्य. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि काहीही कारण नसताना अचानक छातीत धडधड, श्वास अडकणं, आता मरतोच असं वाटणं हे वारंवार होत असेल, किंवा 'निवड झाली नाही तर जगायचं कशाला' असे विचार येत असतील, तर बारा दिवस थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता शरीराचं बघू. आपल्या भाषेनं या सगळ्या लक्षणांची नावं आधीच ठेवली आहेत: तोंडचं पाणी पळणं, बोबडी वळणं, पोटात गोळा येणं, हातपाय गार पडणं. यातलं प्रत्येक शब्दशः खरं आहे. धोका आहे असं मेंदूनं ठरवलं की अॅड्रेनलिन सुटतं. पचन थांबवायचं म्हणून लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटं गार पडतात. श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ आणि भरभर होतो, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळले जातात, आणि अपुऱ्या हवेवर लांब वाक्य बोलायला गेलं की आवाज कापतो. आवाज कापणं हा आत्मविश्वास कमी असल्याचा दाखला नाही, ते हवेचं गणित आहे. म्हणून त्यावरचा उपायही हवेचाच: पहिली दोन-तीन वाक्यं छोटी ठेवायची. सात-आठ शब्द, पूर्णविराम, श्वास. "माझं मूळ गाव अमुक. तालुका निलंगा. शिक्षण बी.एस्सी. कृषी." एका दमात 'मी अमुक गावची असून माझं शिक्षण अमुक महाविद्यालयातून झालं असून' असं सुरू केलंत की 'असून'पाशी हवा संपते आणि तिथेच आवाज फाटतो.

श्वासाचा सराव सगळे सांगतात, पण बरेच जण तो चुकीचा करतात. 'खोल श्वास घे' म्हटलं की उमेदवार मोठमोठे श्वास ओढायला लागतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, आणि आता चक्कर येणार म्हणून भीती आणखी वाढते. श्वास मोठा नको, हळू हवा. नाकानं चार आकडे मोजत आत, ओठ शीळ घातल्यासारखे किंचित मिटून सहा आकडे बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. बाहेर सोडण्याचा काळ जास्त ठेवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं, आजपासून. मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, तेव्हा ते जमत नाही आणि 'हेही जमेना' अशी नवी काळजी लागते. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच करा. आकड्यांत जादू नाही. एक धोका आणखी सांगते: श्वास घेता घेता दर मिनिटाला 'गेली का भीती?' असं तपासत बसलात तर फायदा शून्य. श्वासानं धडधड थोडी उतरते, पूर्ण थांबत नाही, आणि थांबायची गरजही नाही.

थोडा ताण कामाचाच असतो. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की उत्तेजना फार कमी असली तरी काम बिघडतं आणि फार जास्त असली तरी. अवघड काम असेल तर जास्तीचा ताण लवकर बाधतो. त्याहून उपयोगी प्रयोग २०१४ साली हार्वर्डमध्ये अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी केला. गाणं म्हणणं, भाषण देणं, गणितं सोडवणं अशा कामांआधी काही जणांना 'मी शांत आहे' असं म्हणायला लावलं आणि काहींना 'मी उत्सुक आहे' असं. दुसऱ्या गटाची कामगिरी बरी झाली. कारण समजण्यासारखं आहे. धडधडत्या छातीला 'शांत हो' म्हणणं म्हणजे धावत्या एसटीला उलट्या गिअरमध्ये टाकणं. धडधड तशीच ठेवून तिचा अर्थ बदलणं सोपं. 'मी उत्सुक आहे' हे मराठीत जरा पुस्तकी वाटतं हे मला मान्य आहे. 'अंग तयार होतंय' असं म्हणा, किंवा खेड्यात कबड्डीच्या मॅचआधी पोरं जे म्हणतात ते म्हणा. शब्द तुमचे असू द्या, पण मनात न ठेवता हळू आवाजात तोंडानं म्हणा.

आता मुख्य मुद्दा, लक्षाचा. सामाजिक भीतीवरच्या उपचारात डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेलं एक स्पष्टीकरण आजही रोज वापरलं जातं. घाबरलेला माणूस लक्ष समोरून काढून स्वतःवर लावतो. आतून जे जाणवतं, त्यावरून आपण बाहेरून कसे दिसतोय याचं चित्र तयार करतो, आणि ते चित्र खरं मानतो. शिवाय भीती लपवायला काही छोट्या युक्त्या करतो. हात घट्ट धरून ठेवायचे, भरभर बोलून संपवायचं, वाक्य बोलण्याआधी मनात घोकून बघायचं, नजर टेबलावर ठेवायची. या युक्त्याच नुकसान करतात. हात आवळले की ते जास्त थरथरतात. भरभर बोललं की दम लागतो. मनात वाक्य घोकत असताना प्रश्नाचा उत्तरार्ध ऐकूच येत नाही, मग उत्तर भलतीकडे जातं आणि पॅनेल म्हणतं, "तुम्हाला हे विचारलं नव्हतं." तुमचं उत्तर 'गायब' झालं, ते बहुधा इथे. डोक्याची तात्पुरत्या कामाची जागा मर्यादित असते. ती स्वतःवर पहारा देण्यात भरली की माहिती आत असूनही बाहेर यायला वाट राहत नाही.

आणि तो पहारा ज्या भीतीपोटी चालतो, ती बरीचशी चुकीची आहे. आपल्या मनातलं समोरच्याला जितकं दिसतं असं आपल्याला वाटतं, तितकं दिसत नाही. गिलोविच, सावित्स्की आणि मेडवेक यांनी १९९८ साली यावर प्रयोग छापले. पुढे २००३ साली सावित्स्की आणि गिलोविच यांनी भाषण करणाऱ्यांना आधीच सांगून पाहिलं, की तुमची अस्वस्थता श्रोत्यांना तुम्हाला वाटते तितकी कळत नाही. ज्यांना हे सांगितलं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसतं सांगून. पण माझा अनुभव असा, की वाचून हे पटत नाही, स्वतःचं चित्रण बघून पटतं. म्हणून पुढचा प्रयोग दोन दिवसांत करा.

मैत्रिणीला समोर बसवा, तिच्या शेजारी पुस्तकांच्या थप्पीवर फोन उभा करा, सात मिनिटांची मुलाखत चित्रित करा. थांबायचं नाही, पुन्हा घ्यायचं नाही. संपल्यावर लगेच बघू नका. आधी कागदावर अंदाज लिहा, शून्य ते शंभरमध्ये: आवाज किती कापला असेल, हात किती हलले असतील, चेहरा किती घाबरलेला दिसला असेल, सगळ्यात मोठी गप्प राहण्याची वेळ किती सेकंद असेल. मग चित्रण बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा आवाजासकट, आणि बघताना ही दुसरीच कुणी उमेदवार आहे, टीव्हीवर दिसतेय, असं धरून. 'तेव्हा मला कसं वाटत होतं' हे आठवत बघितलंत तर सगळं पुन्हा भयंकरच दिसेल. म्हणून परक्या नजरेची अट महत्त्वाची. आता तेच आकडे पुन्हा लिहा. बहुतेकांचे दुसरे आकडे बरेच खाली येतात, आणि 'दहा सेकंद गप्प होते' वाटलेलं प्रत्यक्षात तीन-चार सेकंद निघतं. एखादी गोष्ट खरोखरच खटकली, उदाहरणार्थ पाय हलतोय किंवा दर वाक्यामागे 'म्हणजे ना' येतंय, तर तेवढी एकच उचला. पाच नाही.

दुसऱ्या दिवशी तीच सात मिनिटं दोन प्रकारे द्या. एकदा जुन्या सगळ्या युक्त्यांसकट: हात आवळून, घोकून, स्वतःकडे लक्ष ठेवून. एकदा त्या सोडून: हात मांडीवर सैल, लक्ष प्रश्न विचारणारीच्या शब्दांवर, प्रश्न संपल्यावर एक श्वास आणि मग उत्तर. दोन्ही चित्रणं शेजारी ठेवून बघा. यातला फरक कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त शिकवतो. लक्ष बाहेर ठेवायला एक साधी खूण देते. प्रश्नातला मुख्य शब्द मनात पकडायचा. "लातूरमध्ये सोयाबीनचं क्षेत्र वाढल्यानं तुरीवर काय परिणाम झाला?" यातला शब्द 'परिणाम'. तो पकडला की उत्तर परिणामांचंच येतं, सोयाबीनचा निबंध होत नाही.

पाठांतराबद्दल जरा कडक बोलते. तुम्ही लिहिलंय की ऐंशी प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून पाठ केली आहेत. शब्दशः पाठ केलेलं उत्तर ही साखळी असते. एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं, आणि ताणात नेमके शब्दच आधी निसटतात. त्यात पॅनेल तुम्हाला शेवटपर्यंत बोलू देत नाही. दुसऱ्या वाक्यालाच उपप्रश्न येतो. ती वही बंद करा. त्याऐवजी प्रत्येक विषयाला तीन खुंट्या ठोका आणि प्रत्येक खुंटीला एकच ठोस गोष्ट अडकवा. लातूर जिल्हा म्हटलं तर एक खुंटी पाण्याची: एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दुसरी भूकंपाची: ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, आणि त्यानंतरचं गावांचं पुनर्वसन. तिसरी शेतमालाची: सोयाबीन, तूर आणि त्यांची बाजारपेठ. बस्स. मग फोनचा रेकॉर्डर लावून चाळीस ते साठ सेकंद बोला. पाच वेळा, दर वेळी वेगळ्या खुंटीपासून सुरुवात करून, दर वेळी वेगळ्या शब्दांत. पहिले दोन प्रयत्न ओबडधोबड होतील, होऊ द्या. शब्द दर वेळी नवे बनवायची सवय लागली की मध्येच तोडलं तरी माणूस पडत नाही.

प्रोफाइलवरच्या, म्हणजे तुमचं गाव, शिक्षण, आवडी यांवरच्या प्रश्नांना हेच करा. 'कृषी पदवी घेऊन प्रशासनात का?' हा प्रश्न जवळपास नक्की येणार. इथे उदात्त उत्तर पाठ करण्याचा मोह होतो, आणि खोटं वाटणारं उत्तर घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आणखी खोटं वाटतं. पीकविम्याचा पंचनामा, शेतरस्त्याचा वाद, सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद, यातलं तुम्ही गावात प्रत्यक्ष पाहिलेलं काहीतरी एक घ्या. पाहिलेली गोष्ट आठवावी लागत नाही.

शब्दशः पाठ करायची फक्त तीन वाक्यं. परिचयाचं पहिलं वाक्य. मग, "माफ करा सर, याची मला माहिती नाही." आणि, "मी मराठीत उत्तर दिलं तर चालेल का, मॅडम?" ही तिन्ही रोज दहा वेळा मोठ्यानं म्हणा, कारण नेमकी हीच वाक्यं ऐन वेळी तोंडातून निघत नाहीत. दुसऱ्या वाक्याबद्दल: 'माहिती नाही' एकदाच, सरळ, नजर वर ठेवून म्हणायचं आणि थांबायचं. त्यामागे ओशाळं हसू, तीन वेळा 'सॉरी सर', किंवा अंदाजपंचे उत्तर जोडू नका. खुर्चीत गोंधळ उडतो तो बहुतेक वेळा न येणाऱ्या प्रश्नानं नाही, तर त्या प्रश्नाला मनात घेऊन बसल्यामुळे पुढचे दोन येणारे प्रश्न गेल्यानं. येत असलेलं आठवेना, तर वेगळं वाक्य आहे: "क्षणभर विचार करून सांगते." तीन-चार सेकंद घ्या. पॅनेलला तुम्ही विचारी उमेदवार वाटता. तुम्हाला ते युगासारखं वाटेल, पण ते किती लांब असतं हे तुम्ही चित्रणात मोजलेलं असेल.

बोलीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, 'माझी भाषा गावाकडची आहे'. बोलण्याच्या ओघात 'करायलोत' गेलं तर जाऊ द्या. प्रमाण मराठीत बोलण्याचा प्रयत्न जरूर करा, पण वाक्याच्या मध्ये थांबून न-ण दुरुस्त करत बसू नका. तो पुन्हा स्वतःवरचा पहाराच झाला. पॅनेलला अर्थ कळायला हवा आणि पुढे गावोगावच्या माणसांशी बोलू शकेल अशी अधिकारी दिसायला हवी. इंग्रजीत प्रश्न आला आणि समजला, तर परवानगी घेऊन मराठीत उत्तर द्या. समजला नाही, तर तो पुन्हा सांगण्याची विनंती करा. अर्धवट समजलेल्या प्रश्नाला उत्तर देणं सगळ्यात महाग पडतं.

मॉक किती द्यावेत? तुम्ही रोज एक देणार म्हणताय. मी म्हणेन आणखी चार, आणि शेवटचा मुलाखतीच्या तीन दिवस आधी. दर मॉकला वेगळे तज्ज्ञ वेगळं सांगतात. एक म्हणतात हसा, दुसरे म्हणतात गंभीर राहा, तिसरे म्हणतात हात हलवू नका. बारा मॉकचे बारा सल्ले घेऊन बसलात की लक्ष पुन्हा स्वतःवर. प्रत्येक मॉकनंतर एकच सुधारणा उचलायची, तीही दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितली असेल तरच. चारपैकी दोन मुद्दाम अवघड करून घ्या. समोरच्यांना सांगा की मध्येच तोडा, एकानं पूर्ण वेळ कागद चाळत राहा, एकानं चेहरा कोरा ठेवा, एकानं प्रत्येक उत्तराला 'नक्की?' म्हणा. खऱ्या पॅनेलमध्ये कुणी फाईल बघत असतं, कुणी घड्याळ. घाबरलेलं मन त्याचा अर्थ 'मी नापास' असा लावतं, आणि त्या माणसाला कदाचित नुसती चहाची तलफ आलेली असते. अशा चेहऱ्यांसमोर दोनदा बोलून झालं की तिसऱ्यांदा ते फर्निचर वाटायला लागतं. याशिवाय खोलीवरच रोज दहा वेळा फक्त पहिली दोन मिनिटं करा: दार, 'आत येऊ का?', नमस्कार, बसायला सांगेपर्यंत उभं राहणं, बसणं, पहिला प्रश्न, पहिली तीन वाक्यं. तुमचा आवाज तिथेच कापतो, तर सरावही तिथलाच जास्त हवा. अख्ख्या मुलाखतीपेक्षा ही दोन मिनिटं शंभर वेळा झालेली बरी.

झोप आणि चहा एकत्रच बघावं लागेल. चहातलं कॅफिन शरीरातून अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या चहाचा अर्धा भाग दोन वाजताही अंगात असतो. शिवाय कॅफिननं धडधड आणि थरथर वाढते, आणि मन तिला भीती समजतं. पण सहा-सात कप एकदम बंद करू नका. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकेल. दर दोन दिवसांनी एक कप कमी करत तीनवर या, शेवटचा दुपारी दोनच्या आत. मुलाखतीच्या सकाळी रोजच्याइतकाच एक घ्या. झोपायची वेळ ठरवण्यापेक्षा उठायची वेळ पक्की करा, साडेसहा तर रोज साडेसहा, रात्री कितीही वाजता डोळा लागो. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आल्यावर परत या. काळजीसाठी संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं राखून ठेवा आणि त्या वेळात सगळ्या चिंता कागदावर उतरवा. रात्री त्या आल्या की 'उद्या सातला' म्हणून पुढे ढकलता येतात. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप आली नाही, तर घाबरू नका. एका रात्रीनं वीस-पंचवीस मिनिटांचं बोलणं बिघडत नाही. अॅड्रेनलिन तेवढं जागं ठेवतं.

गोळीबद्दल स्पष्ट सांगते, कारण उमेदवारांत ती एकमेकांना सर्रास दिली जाते. धडधडीसाठी सुचवतात ती बहुधा प्रोप्रानोलॉल. तिनं ठोके आणि हाताची थरथर कमी होते, मनातली काळजी कमी होत नाही. दम्याच्या माणसाला ती धोक्याची आहे. रक्तदाब किंवा ठोके मुळात कमी असतील तर चक्कर येऊ शकते. दुसरी सुचवतात ती अल्प्राझोलाम. ती झोपाळू करते, आठवायचा वेग कमी करते, सवय लावते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायलाच परवानगी नाही. जिथे तुमची स्मरणशक्ती तपासली जाणार तिथे ती घेऊन जाणं मला मुळीच पटत नाही. डॉक्टरांशी बोलून काही घ्यायचं ठरलंच, तर आधी एखाद्या मॉकच्या दिवशी घेऊन बघा. मुलाखतीच्या दिवशी कुठलीही गोष्ट पहिल्यांदा नको. हे कपड्यांनाही लागू आहे. नवी साडी त्या दिवशी पहिल्यांदा नेसलीत तर अर्धं लक्ष निऱ्यांत राहील. तीच साडी किंवा तोच ड्रेस घालून दोन मॉक द्या.

इथवरचं एकदा दिवसांत बसवून बघू. पहिले दोन दिवस चित्रणाचा प्रयोग आणि चहा कमी करायला सुरुवात. तिसरा ते नववा: खुंट्या, रोजची पहिली दोन मिनिटं, चार मॉक. दहावा दिवस कागदपत्रांचा. उरलेले दोन प्रवासाला आणि वर्तमानपत्र वाचण्यापुरते, नवीन काही नाही. आकडेही एकदा डोळ्यांखालून घाला. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण आहेत. लेखीचे गुण तुमच्या नावावर पडलेले आहेत. खुर्चीत बसताना तुमची पाटी कोरी नसते.

कागदपत्रांचा दिवस वेगळा ठेवायला सांगितला, त्यामागे कारण आहे. मुलाखतीच्या सकाळची बरीचशी धावपळ प्रश्नांची नसते, पडताळणीची असते. नॉन-क्रिमीलेयरची मुदत, जात वैधता, अधिवास, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि पदवीवरचं नाव जुळतंय का, हे मुलाखतीच्या पत्रातल्या यादीसमोर एकेक टिक करत बघा. मूळ प्रती एका फाईलमध्ये यादीच्या क्रमानं, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाईलमध्ये. काही कमी निघालं तर हातात दोन दिवस राहतात.

रात्रभराचा रेल्वे किंवा ट्रॅव्हल्सचा प्रवास करून थेट मुलाखतीला जाऊ नका, एक दिवस आधी पोचा, आणि संध्याकाळी ती इमारत बाहेरून बघून या. सकाळी पोहे, उपमा, नाहीतर वरण-भात, दीड-दोन तास आधी. उपाशी पोटी थरथर वाढते. पाणी घोट घोट. आत बोलावण्याच्या आधी एकदा घोटभर पाणी तोंडात फिरवून गिळा, जीभ मोकळी होते. आत जाण्याआधी शक्य असेल तर पाच मिनिटं व्हरांड्यात चाला, खांदे दोनदा कानांपर्यंत उचलून सोडा, जबडा सैल करा. आवळलेल्या जबड्यातून आवाज दबून निघतो.

प्रतीक्षेची खोली ही सगळ्यात वाईट जागा. तुमचा नंबर शेवटचा असेल तर तासन्‌तास बसावं लागू शकतं. तिथे कुणी शेवटच्या क्षणी योजनांची नावं घोकत असतं, कुणी बाहेर आल्या आल्या सांगतं, "मला तर फक्त परराष्ट्र धोरणावर विचारलं." लगेच सगळे ते शोधायला लागतात. त्याच्या प्रोफाइलवर त्याला विचारलं, तुम्हाला तुमच्यावर विचारणार. शेजारच्याशी गावाकडच्या पावसाबद्दल बोला. त्यानं घसाही मोकळा होतो, कारण चार तास गप्प बसून मग एकदम बोलायला गेलं की पहिला शब्द खरखरीतच निघतो.

राहिला घरचा फोन. सकाळी आई, दुपारी मामा, मध्ये दोन मैत्रिणी, सगळ्यांचं एकच: "टेन्शन घेऊ नको." प्रेमापोटीच, पण प्रत्येक फोनमागे धडधड नव्यानं सुरू होते. आदल्या संध्याकाळीच घरी सांगून ठेवा, उद्या फोन मीच करेन, झाल्यावर. आणि तो पहिला फोन अशा माणसाला करा, जो 'कसं गेलं' याच्या आधी 'जेवलीस का' विचारेल.